कालचे मूल आणि आजचे मूल : स्वमग्नता व चित्तविकृती यांचा आढावा

स्वमग्न मुलाला स्वमग्नतेखेरीज आणखी काही मानसिक आजार, आणि त्यातही चित्तविकृतीसारखा गंभीर आजार, जडू शकतो ही गोष्ट पालकांना तर सोडाच, पण पुष्कळ डॉक्टरांनाही सहजासहजी सुचत नाही. कारण मुलाच्या कागदावर ऑटिझम हा शब्द एकदा चढला, की पुढे त्या मुलाचे हसणे, रडणे, गप्प बसणे, रात्र रात्र जागणे, भिंतीकडे पाहत पुटपुटणे या सर्वांचा जमाखर्च त्याच एका खात्यावर मांडला जातो. चित्तविकृती, म्हणजे दवाखान्यात जिला सायकोसिस म्हणतात ती अवस्था, हिची मुख्य लक्षणे तीन : जे नाही ते दिसणे किंवा ऐकू येणे, म्हणजे भास, जे घडलेले नाही त्यावर कोणत्याही पुराव्याने न हलणारी श्रद्धा बसणे, म्हणजे भ्रम, आणि विचारांची साखळी तुटून बोलणे-वागणे विस्कळीत होणे. ही अवस्था पौगंडावस्थेत सुरू झाली आणि ती ओळखण्यात वर्ष-दोन वर्षे गेली, तर त्या काळात मुलाची झालेली हानी पुढे औषधाने पुरती भरून येत नाही. याच्या उलट बाजूची चूकही तितकीच घातक असते : स्वमग्न मुलाच्या जन्मजात लकबींना वेड समजून त्याला वर्षानुवर्षे जड औषधांखाली ठेवणे. या दोन चुकांच्या मधली वाट कोणती, आणि ती वैद्यकाला आज कितपत गवसली आहे, हा या आढाव्याचा विषय आहे.

या दोन अवस्थांची गल्लत आजची नाही. ती वैद्यकाच्या इतिहासातच मुरलेली आहे. स्विस मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1911 साली छिन्नमनस्कतेवरील, म्हणजेच स्किझोफ्रेनियावरील, आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात आत्ममग्नतेची गणना त्या आजाराच्या मूळ लक्षणांत केलेली होती. पुढे ग्रून्या सुखारेवा या मॉस्कोतील विदुषीने 1925 साली सहा मुलांची वर्णने रशियन भाषेत प्रसिद्ध केली, ती आज वाचणाऱ्याला स्वमग्नतेचीच वाटतात. परंतु त्यांना तिने छिन्नमनस्क वळणाच्या व्यक्तिमत्त्वाचा दोष असे म्हटले होते. बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अकरा मुलांचा वृत्तांत लिहून बालवयातील स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान दिले आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला, तरी दफ्तरातील वर्गवारी मात्र तशीच राहिली. अमेरिकन मनोवैद्यांच्या 1968 सालच्या अधिकृत नामावलीतसुद्धा अशी मुले बालवयातील छिन्नमनस्कता याच सदराखाली नोंदली जात होती.

ही गल्लत केवळ कागदावरची होती असे मात्र कोणी समजू नये. न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात लॉरेटा बेंडर या डॉक्टरबाईंनी 1940 नंतरच्या दशकात लहान मुलांना विद्युतउपचार दिले आणि अशा शंभर मुलांचा वृत्तांत 1947 साली प्रसिद्धही केला. त्यांतील कित्येकांना आजचा परीक्षक स्वमग्न म्हणाला असता. निदानातल्या एका शब्दाने मुलांच्या वाट्याला काय येऊ शकते, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने तो काळ नजरेआड करू नये.

ही गुंतागुंत सोडवण्याचे श्रेय प्रामुख्याने दोन ब्रिटिश संशोधकांकडे जाते. इझ्रायल कोल्व्हिन यांनी 1971 साली दाखवून दिले, की मुलांतील ज्या आजारांना एकाच नावाखाली गोवले जाते त्यांच्या प्रारंभाची वये मोजली तर त्यांचे दोन ढीग वेगळे पडतात : एक तीन वर्षांच्या आत सुरू होणाऱ्यांचा, आणि दुसरा पाच वर्षांनंतर, बहुधा त्याहूनही पुष्कळ पुढे, सुरू होणाऱ्यांचा, आणि या दोन ढिगांमधल्या मुलांची लक्षणे व त्यांच्या घराण्यांतील आजारांचा इतिहासही निराळा आढळतो. मायकेल रटर यांनी पुढच्याच वर्षी हा सिद्धान्त अधिक नेटाने मांडला. त्यानंतर 1980 च्या अमेरिकन नामावलीत स्वमग्नता छिन्नमनस्कतेपासून कायमची वेगळी झाली.

वेगळेपणा सिद्ध झाला हे योग्यच झाले, पण त्यातून एक नवी अडचण उभी राहिली. दोन आजार वेगळे आहेत या विधानाचा अर्थ पुष्कळांनी असा घेतला, की एक असेल तर दुसरा असायचा नाही. प्रत्यक्षात नामावलीच्या पुढच्या आवृत्त्यांनी तसे म्हटलेले नाही. तिथे इतकेच सांगितले आहे, आणि 2013 च्या पाचव्या आवृत्तीतही तो नियम कायम आहे, की ज्याला आधीपासून स्वमग्नता आहे त्याच्या बाबतीत छिन्नमनस्कतेचे जोडनिदान करायचे तर ठळक भ्रम किंवा भास, इतर आवश्यक लक्षणांसह, निदान एक महिना टिकलेले असले पाहिजेत. उपचाराने लवकर ओसरले तर हा कालावधी कमीही चालतो. हा नियम शहाणपणाचा आहे. अलिप्तपणा, निर्विकार चेहरा, तोकडे बोलणे, मित्रांचा अभाव ही लक्षणे दोन्ही आजारांत सापडत असल्यामुळे ती साक्षीला बोलावण्यात अर्थ नाही. भ्रम आणि भास यांचीच साक्ष ग्राह्य धरावी, असा त्याचा आशय.

प्रश्न किती मुलांचा आहे? अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक पाहणीत स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे 4 टक्क्यांमध्ये छिन्नमनस्कतेच्या वर्गातील आजार आढळला. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास धरतात. उलट दिशेने पाहिले तरी हेच दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी 1990 पासून तेरा वर्षांच्या आत छिन्नमनस्कता जडलेल्या मुलांचा दीर्घ अभ्यास चालवला. इतक्या लहान वयात हा आजार अत्यंत दुर्मिळ असतो. तरी त्या मुलांपैकी सुमारे चतुर्थांश मुलांमध्ये आजारापूर्वीच स्वमग्नतेच्या वर्गातील विकासदोष होते असे आढळून आले. या अभ्यासातली एक रीत मला त्याच्या आकड्यांहूनही मोलाची वाटते. तिथे पाठवलेल्या मुलांना वॉर्डात दाखल करून, देखरेखीखाली त्यांची औषधे बंद करून, काही दिवस केवळ निरीक्षण केले जात असे. आणि त्यातून पुष्कळ मुलांवरचा छिन्नमनस्कतेचा शिक्का खाली उतरला. औषध बंद करून पाहण्याची ही सोय आपल्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नाही, परंतु बाहेरून चिकटून आलेले निदान पुन्हा तपासून पाहण्याची सवय तरी तिथे लावून घेता येईल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. क्वचित एखादा आवाज ऐकल्यासारखे वाटणे ही गोष्ट निरोगी मुलांतही दुर्मिळ नाही. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचा मध्य काढला तर 9 ते 12 वर्षांच्या मुलांत अशा चित्तविकृतीसदृश अनुभवांचे प्रमाण सुमारे 17 टक्के आणि 13 ते 18 वर्षांच्या मुलांत साडेसात टक्के भरते. यांपैकी बहुतेक अनुभव आपोआप विरतात. इंग्लंडमधील एव्हन परगण्यात 1991-92 साली जन्मलेल्या हजारो मुलांवर नजर ठेवणाऱ्या अभ्यासात असेही दिसले, की ज्यांच्यात लहानपणी स्वमग्न वळण होते त्यांना बाराव्या वर्षी असे अनुभव अधिक येतात. म्हणजे भास सांगणारे प्रत्येक स्वमग्न मूल चित्तविकृतीचे रुग्ण नसते. पण त्याचे सांगणे हसण्यावारी नेण्याजोगेही नसते.

आता निदानाच्या खोलीत प्रत्यक्ष काय होते ते पाहू. समजा, चौदा वर्षांचा एक स्वमग्न मुलगा डॉक्टरांसमोर बसला आहे आणि त्यांनी ठराविक प्रश्न विचारला : "तुला आवाज ऐकू येतात का?" मुलगा तत्काळ म्हणतो, "हो." "कोणाचे?" "पंख्याचा. खालच्या पिठाच्या गिरणीचा. तुमच्या घड्याळाचा." "आजूबाजूला कोणी नसतानाही येतात?" "हो, गिरणीत कोणी नसते तेव्हा पण मोटर चालू असते." मुलाने प्रत्येक प्रश्नाचे खरे उत्तर दिले आहे. पण डॉक्टरांनी पहिल्याच प्रश्नाशी थांबून कागदावर रेघ ओढली असती, तर पाच शब्दांच्या त्या प्रश्नातून एक गंभीर आजार जन्माला आला असता. शब्दाचा अर्थ जसाच्या तसा घेणे हा या मुलांचा स्वभाव, त्यांना "लोक तुझ्याविषयी बोलतात का?" असे विचारले, तर वर्गात रोज चिडवला जाणारा मुलगा होकार देणार, आणि त्याचे ते म्हणणे भ्रम नसून हकीकत असणार. ज्याला समोरच्याचा हेतू चेहऱ्यावरून वाचता येत नाही आणि ज्याने टिंगलीचा अनुभव पुरेपूर घेतलेला आहे, त्याने जगाकडे संशयाने पाहावे यात विपरीत काही नाही.

असेच इतर लक्षणांचे. तीन वर्षांपासून टीव्हीवरील कार्टूनची वाक्ये शब्दशः म्हणणारे मूल पंधराव्या वर्षीही तीच म्हणते, तेव्हा त्याचे ते स्वतःशी बोलणे भासांना दिलेले उत्तर नसते. बहुधा ते त्याचे मन शांत करण्याचे साधन असते. रेल्वेच्या वेळापत्रकांचे किंवा एखाद्या काल्पनिक राज्याच्या नकाशांचे वेड हे छंद म्हणून कितीही टोकाचे वाटले, तरी त्या राज्याचा आपण राजा नाही हे मुलाला विचारल्यास तो सांगतो. पूर्वी झालेल्या मारहाणीची किंवा अपमानाची आठवण इतक्या जिवंतपणे उफाळून येते की मूल ओरडू लागते. तो आघाताचा परिणाम असतो. अस्वच्छतेच्या धास्तीने हात धूत राहणारा मुलगा भ्रमिष्ट वाटतो, पण त्याचा रोग मंत्रचळाच्या जातीचा असतो. आणि परीक्षेच्या दिवसांत, घर बदलल्यावर, आजी वारल्यावर दोन-चार दिवस पूर्ण कोलमडून जाणारे स्वमग्न मूल ताण सरताच पूर्वस्थितीवर येते.

मग खरी खूण कोणती? माझ्या मते ती एकच आहे, आणि ती काळात शोधावी लागते, लक्षणांच्या यादीत नव्हे. स्वमग्न मुलाची तुलना इतर मुलांशी करून काही निष्पन्न होत नाही, कारण इतरांहून ते निराळे आहे हे आधीच ठरलेले आहे. त्याची तुलना त्याच्याच गेल्या वर्षीच्या रूपाशी करावी लागते. मागच्या दिवाळीत जो मुलगा स्वतः अंघोळ करून कपडे घालत होता, चुलत भावाशी पत्ते खेळत होता, आणि आईने वाढलेले ताट निमूट संपवत होता, तो या वर्षी मोबाइलवर पंचा टाकून ठेवतो, खिडकी उघडू देत नाही, आमटी समोरच्याने आधी चाखल्याशिवाय घास घेत नाही, वह्यांत निरर्थक आकडे भरतो आणि विचारले तर म्हणतो, की समोरच्या गच्चीवरची माणसे आपले विचार उतरवून घेत आहेत. इथे स्वमग्नतेने काही स्पष्ट होत नाही. नवेपणा, उतरती कळा, आणि पूर्वी कधी न दिसलेली भीती या तीन गोष्टी एकत्र आल्या, की तिथे थांबून पाहिलेच पाहिजे. ही पडझड कधी आठवड्याभरात होते, तर कधी आठ-दहा महिने हळूहळू चालते, दुसऱ्या प्रकारात घरच्यांनाही ती रोज पाहत असल्यामुळे दिसत नाही, आणि गावाहून वर्षाने आलेली आत्या दारातच विचारते, "हा असा का झाला गं?" तो प्रश्न कोणत्याही चाचणीइतका मोलाचा समजावा.

म्हणूनच या निदानात डॉक्टरांहूनही मोठी साक्ष आईची, वडिलांची, शाळेतल्या बाईंची असते. आई जेव्हा म्हणते, "तो तसा नव्हताच हो, हे नवीनच आहे," तेव्हा तिच्या त्या वाक्याला वैद्यकीय पुराव्याचा दर्जा द्यायला हवा. पालकांनी जमल्यास मुलाचे चार-सहा महिन्यांनी दहा मिनिटांचे साधे चित्रण करून ठेवावे : तो जेवतो कसा, बोलतो कसा, हात कसे हलवतो. शाळेची जुनी प्रगतिपुस्तके, बाईंचे शेरे, विकासकेंद्रातील जुने अहवाल फेकू नयेत. असे दफ्तर हाताशी असेल तर तज्ज्ञाला तासाभरात जे कळते, ते त्याच्यावाचून तीन भेटींतही कळत नाही. मुलाशी बोलताना प्रश्न ठोस असावेत. त्याला लिहून, चित्र काढून किंवा टंकून सांगण्याची मुभा द्यावी. आवाज डोक्याच्या आत की कानाबाहेर, ओळखीचा की अनोळखी, तो काय करायला सांगतो, हे एकेक करून विचारावे. आणि उत्तरासाठी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ थांबावे.

जी मुले बोलतच नाहीत त्यांच्याबाबतीत मात्र वैद्यकाचे हात बरेचसे बांधलेले आहेत, हे मान्य केले पाहिजे. भास आणि भ्रम यांची साक्ष शेवटी रुग्णाच्या शब्दांतूनच मिळते; शब्द नसतील तर नजर एका कोपऱ्याकडे वारंवार जाणे, रिकाम्या हवेत हात झटकणे, एका विशिष्ट खोलीत शिरायला अचानक नकार देणे अशा खुणांवरून अनुमान करावे लागते, आणि ते फसण्याचा संभव मोठा असतो. अशा मुलाची वागणूक एकाएकी बिघडली, तर प्रथम दात, कान, पोट, बद्धकोष्ठता, मुलींच्या बाबतीत पाळीची वेदना हे तपासावे. जो वेदना सांगू शकत नाही त्याची वेदना वागण्यातून बाहेर पडते, आणि पुष्कळदा मनाच्या डॉक्टरांकडे आणलेले मूल दातांच्या डॉक्टरांकडे न्यायला हवे असते.

बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीतही शरीराची तपासणी टाळता येत नाही. अपस्मार स्वमग्न मुलांत इतरांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो, आणि मेंदूच्या कानशिलाकडील भागातून उठणारे झटके भासांसारखे अनुभव देऊ शकतात. तसेच लेव्हेटिरासिटाम या झटक्यांवरील औषधाने काही मुलांत चिडचिड व चित्तविकृतीही निर्माण होते. चंचलतेसाठी दिले जाणारे मेथिलफेनिडेट, दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइड्स, आणि मोठ्या मुलांच्या बाबतीत गांजा हे प्रश्न स्पष्टपणे विचारले पाहिजेत. 2007 साली फिलाडेल्फियात होसेप दाल्माऊ यांनी मेंदूच्या एका विशिष्ट ग्राहकावर शरीराच्याच प्रतिपिंडांनी केलेल्या हल्ल्याचा आजार वर्णन केला. त्यात काही आठवड्यांत भ्रम, वाचा जाणे, तोंडा-हातांच्या विचित्र हालचाली आणि झटके येतात, आणि स्वमग्न मुलात तो आला तर ऑटिझम वाढला असे म्हणून अमूल्य दिवस वाया जाण्याची भीती असते. पाठीतील पाण्याची तपासणी करून तो ओळखता येतो आणि वेळीच उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण सावरतात. यकृतात व मेंदूत तांबे साचवणारा विल्सनचा आजारही पौगंडावस्थेत मनोविकाराच्या रूपाने प्रकट होतो. त्याचाही इलाज आहे. आणि ज्या मुलाला जन्मतः हृदयदोष किंवा टाळूचा दोष होता त्याच्या बाविसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गहाळ आहे का, हे पाहणे अगत्याचे. कारण त्या दोषात स्वमग्न लक्षणेही आढळतात, आणि मोठेपणापर्यंत सुमारे चतुर्थांश जणांना छिन्नमनस्कता जडते.

या साऱ्या प्रकरणातील सर्वांत उपेक्षित अध्याय कॅटाटोनियाचा, म्हणजे हालचाल आणि बोलणे गोठत जाण्याच्या अवस्थेचा, आहे, आणि त्यावर थोडे सविस्तर लिहिणे मी कर्तव्य समजतो. लॉर्ना विंग व अमिता शहा यांनी 2000 साली इंग्लंडमधील आपल्या तज्ज्ञ केंद्राकडे आलेल्या स्वमग्न रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा पंधरा वर्षांवरील रुग्णांपैकी 17 टक्के रुग्णांत ही अवस्था दिसून आली. मुलगा उंबरठ्यावर पाऊल उचलून तसाच थांबतो. घास हातात घेतो, पण तोंडापर्यंत नेत नाही, आणि आईने कोपराला हलका स्पर्श केला की मग हात पुढे जातो. अंघोळीला दोन तास लागतात. बोलणे आटत जाते. कधी त्याच्या उलट अंगाची बेभान तडफड सुरू होते. घरात याला आळस, हट्ट, किंवा मोठेपणाचा मुजोरपणा म्हणतात, आणि मुलाला ओरडा खावा लागतो. दवाखान्यात याला पुष्कळदा चित्तविकृतीच समजून चित्तविकृतीविरोधी औषध सुरू केले जाते, आणि त्याने अवस्था अधिक बिघडू शकते, क्वचित ताप व स्नायूंचा ताठरपणा वाढून जिवावरही बेतते. वस्तुतः पहिला उपाय लोराझेपाम हे औषध, आणि ते लागू पडले नाही तर भूल देऊन केलेला विद्युतउपचार. बेंडरबाईंच्या काळातील त्याचा दुर्वापर आठवून आज कोणी त्या उपचाराचे नाव काढताच दचकतो, हे मी समजू शकतो. तरी अन्नपाणी सुटलेल्या मुलाच्या बाबतीत त्याच उपचाराने प्राण वाचल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 अन्वये अल्पवयीन मुलावर असा उपचार करायचा झाल्यास पालकांची समजून दिलेली संमती आणि संबंधित मंडळाची पूर्वपरवानगी लागते, आणि भूल व स्नायूशैथिल्य यांवाचून तो कोणावरही करता येत नाही. हे निर्बंध योग्यच आहेत. मात्र परवानगीच्या अर्जावर मंडळाने तातडीने निर्णय द्यावा अशी तजवीजही हवी.

चित्तविकृतीचे निदान पक्के झाल्यावर औषध द्यावे की नाही, हा वाद उरत नाही, द्यावेच लागते. वाद उरतो तो कोणते, किती आणि किती दिवस, याचा. इथे एक गोंधळ नीट उकलला पाहिजे. रिस्पेरिडोन आणि अरिपिप्राझोल ही औषधे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्वमग्न मुलांतील तीव्र चिडचिडीसाठी अनुक्रमे 2006 व 2009 साली मंजूर केली, आणि 13 ते 17 वर्षांच्या मुलांतील छिन्नमनस्कतेसाठीही त्यांना मंजुरी आहे. परिणामी एकच गोळी दोन निरनिराळ्या कारणांसाठी दिली जाते, आणि काही महिन्यांनी ती मुळात कशासाठी सुरू केली होती हे कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक डॉक्टराने औषधाच्या नावापुढे त्याचे कारण आणि अपेक्षित परिणाम एका ओळीत लिहिला, तर ही अनवस्था टळेल.

चिडचिडीवर रिस्पेरिडोन परिणामकारक ठरते हे 2002 च्या अमेरिकन प्रयोगात स्पष्ट झाले : आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी 69 टक्के मुलांत सुधारणा दिसली, तर फसवी गोळी घेणाऱ्यांत 12 टक्के. पण त्याच आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्या मुलांचे वजन सरासरी 2.7 किलो वाढले. छिन्नमनस्कतेच्या बाबतीत यश इतके ठळक नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या, तीन औषधांची तुलना करणाऱ्या अमेरिकन प्रयोगात निम्म्याहून अधिक किशोरांना कोणत्याही औषधाचा पुरेसा गुण आला नाही, आणि ओलान्झापिनचा गट तर वजनवाढीमुळे अर्ध्यावरच बंद करावा लागला. दोन औषधे नीट मात्रेत, पुरेसा काळ देऊनही फसली तर क्लोझापिनचा विचार करावा. ते गुणकारी आहे, परंतु त्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशींची वारंवार तपासणी अटळ असते आणि झटक्यांचा धोका वाढतो. सुईच्या नुसत्या कल्पनेने किंचाळणाऱ्या मुलाचे दर आठवड्याला रक्त काढणे म्हणजे काय, हे ज्या घराने अनुभवले आहे त्यालाच ठाऊक.

स्वमग्न मुलांत हे सर्व प्रयोग फारसे झालेले नाहीत. चित्तविकृतीवरील औषधप्रयोगांतून त्यांना बहुधा वगळलेलेच असते. अनुभव मात्र सांगतो, की त्यांना उपद्रव लवकर आणि अधिक होतो. म्हणून मात्रा अगदी थोडी धरून हळूहळू वाढवावी. दोन सावधगिऱ्या पाळल्याच पाहिजेत. पहिली अशी, की औषध सुरू करण्यापूर्वी मुलाच्या हातांची फडफड, डोलणे, तोंडाच्या हालचाली टिपून ठेवाव्यात. नाहीतर पुढे औषधामुळे आलेल्या हालचाली आणि मुळातल्या लकबी यांतला भेद कोणालाच सांगता येणार नाही. दुसरी याहूनही महत्त्वाची. या औषधांनी कधी कधी शरीरात अशी तगमग निर्माण होते की माणसाला क्षणभर एका जागी बसवत नाही. मोठा माणूस ते बोलून दाखवतो, स्वमग्न मूल येरझारा घालते, डोके आपटते, अंगावर धावून येते. आणि ते पाहून आजार वाढला असे समजून औषध आणखी वाढवले जाते. मात्रा वाढवल्यानंतर मूल अधिक अस्वस्थ झाले, तर प्रथम संशय औषधावर घ्यावा. वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, चरबी यांची नोंद ठेवावी. वजनवाढ रोखण्यासाठी मेटफॉर्मिनचा उपयोग स्वमग्न मुलांतही होतो असे 2016 च्या प्रयोगात आढळले आहे.

औषधाबरोबर बोलण्याचे उपचार आणि कुटुंबाला बरोबर घेऊन केलेले काम व्हावे, अशी ब्रिटनमधील राष्ट्रीय संस्थेची 2013 ची शिफारस आहे. स्वमग्न मुलासाठी मात्र त्याला निराळे रूप द्यावे लागते : रूपके टाळून साध्या वाक्यांत बोलणे, चित्रांचा आधार, ठरलेली वेळ आणि ठरलेली खुर्ची, भीतीचे मोजमाप शून्य ते दहा अशा पट्टीवर. शाळेतील छळ थांबवणे, झोप सुधारणे, गोंगाट कमी करणे ही कामेसुद्धा उपचारच होत. छळ थांबल्यावर ज्याचा संशय ओसरला, त्याला औषधाची गरज बहुधा नव्हतीच.

आपल्या खेड्यापाड्यांत, आणि शहरांतही, भास सांगणाऱ्या मुलाला बाहेरचे लागले असे म्हणून प्रथम देवऋषीकडे नेतात. ज्या घराला तालुक्याच्या ठिकाणी बालमनोवैद्य सापडत नाही त्याला मी दोष देणार नाही. परंतु भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि स्पर्शानेही बिथरणाऱ्या स्वमग्न मुलाला अंगाऱ्या-धुपाऱ्यात धरून बसवणे हीसुद्धा त्याच्यासाठी शिक्षाच असते. टेलीमानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक 2022 पासून चालू आहे; मराठीतून बोलता येते, आणि निदान पहिला सल्ला घरबसल्या मिळतो. मुलाला दाखल करावे लागलेच, तर वरील 2017 च्या कायद्याने त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवणे आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने किंवा सोबत्याने अष्टौप्रहर जवळ राहणे बंधनकारक केले आहे. अनोळखी वॉर्डात स्वमग्न मुलाला एकटे सोडणे म्हणजे काय, हे पाहिलेल्या कोणालाही ही तरतूद क्षुल्लक वाटणार नाही.

उरतो तो अठराव्या वर्षाचा प्रश्न, आणि तोच आज सर्वांत उघडा पडलेला आहे. तोवर बालमनोवैद्याकडे जाणारे मूल एके दिवशी प्रौढांच्या विभागात वर्ग होते, जिथे त्याला लहानपणापासून ओळखणारे कोणी नसते आणि जुनी फाईल पुढे पाठवण्याची रीत नसते. कायद्यांची मांडणीही एकसारखी नाही : 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता आहे, मानसिक आजार नाही, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही आहेत, पण स्वतंत्र सदरांखाली. म्हणून ज्यांच्या घरी हे दोन्ही आजार एकत्र नांदत आहेत त्या पालकांनी मुलगा सतराव्या वर्षात येताच तीन कामे हाती घ्यावीत : प्रमाणपत्रावर दोन्ही निदानांची नोंद करून घेणे, राष्ट्रीय न्यासाखालील स्थानिक समितीकडे, म्हणजे प्रत्यक्षात जिल्हाधिकारी कचेरीत, पालकत्वाची चौकशी करणे, आणि आपल्या डॉक्टरांकडून दोन पानांचा मराठी किंवा इंग्रजी गोषवारा लिहून घेणे, ज्यात मूल आजारापूर्वी कसे होते, आजार कधी व कसा सुरू झाला, कोणते औषध किती मात्रेत लागू पडले, कोणते बाधले, आणि आजार पुन्हा उलटतो आहे याची त्या एका मुलातली पहिली खूण कोणती, हे असेल. नव्या डॉक्टरांच्या टेबलावर पहिल्या भेटीतच तो कागद ठेवावा, आणि त्याची एक प्रत घरात अशा ठिकाणी असावी की आईवडिलांच्या माघारी मुलाला सांभाळणाऱ्या भावंडाला ती शोधावी लागू नये.